आमच्याकडे तर नीट चालतंय

प्रिय बारके,

तुझ्या वेबसाइटच्या तपासणीचा अहवाल कालच तुझ्या ऑफिसला मेल केला आहे. तो मिळाला असेल, आणि तुझ्या त्या प्रोग्रामरने तो वाचून कपाळाला हातही लावला असेल. हे पत्र त्या अहवालाचा भाग नाही. हे फक्त तुझ्यासाठी आहे आणि मुद्दाम हाताने लिहिलं आहे. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. शाळेत माझी वही दाखवून बाई तुला टोमणे मारायच्या, त्याचा सूड उगवायची ही चांगली संधी आहे खरी, पण आधी चष्मा लाव, खुर्चीत नीट बस आणि शेवटपर्यंत वाच.

मुद्द्याचं आधीच सांगते, कारण तुला दम निघत नाही हे मला ठाऊक आहे. परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, तो दोनदा नोंद होण्याचा मुद्दा आता बंद करू का गं? प्रोग्रामर म्हणतो, आमच्याकडे तर नीट चालतंय." मी म्हटलं, बघते आणि कळवते. तर कळवते: बंद करू नकोस. तो दोष निघाल्याशिवाय सोमवारी साइट उघडूच नकोस. तू सगळीकडे कळवून बसली आहेस, तुझ्या मदतनीस बायकांना नव्या फोनवर कामं कशी बघायची ते शिकवून झालंय, आता पुढे ढकललं तर तुझं तोंड एवढंसं होईल, हे सगळं मला इथे बसून दिसतंय. तरीही. का, ते या पत्रात आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, मग मी विषय बदलते, आणि शेवटी आपण दोघी भाजीच्या गप्पा मारून फोन ठेवतो.

इथलं सगळं ठीक आहे. खिडकीखालच्या टेबलावर तू पाठवलेला लॅपटॉप आणि माझा जुना, असे दोघे शेजारी शेजारी मांडले आहेत. समोरच्या शिंप्याच्या दुकानाचा रंग बदलला, आता तो इतका भडक हिरवा आहे की दुपारी माझ्या भिंतीवरही हिरवट उजेड पडतो. खालच्या मजल्यावर कुणीतरी रोज काहीतरी ठोकत असतं. काय ठोकतात देव जाणे, इतक्या दिवसांत एखादं जहाज बांधून झालं असतं. निवृत्त झाल्यावर वेळ जाणार नाही असं सगळे म्हणाले होते. वेळ छान जातो. तू साइट तपासायला दिलीस तेव्हापासून तर फारच छान गेला, आणि तू मला नुसतं बरं वाटावं म्हणून ते काम दिलं नव्हतंस ना, असा संशय मला आधी आला होता हेही कबूल करते.

पण मग तुझी साइट उघडून बसले आणि लक्षात आलं, हे काही लुटुपुटीचं काम नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक फोन आणि एक डायरी घेऊन तू सुरुवात केलीस, ते मी पाहिलंय. कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना आंघोळ घालायला माणूस हवा, कुणाच्या आजारी आईला चार घास भरवायला, कुणाला नुसतं धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायला. तू प्रत्येक घरी आधी स्वतः जाऊन यायचीस. आता इतकी घरं झाली की डायरी पुरेना, म्हणून ही साइट. बारके, मला तुझा अभिमान वाटतो. हे मी तोंडावर कधी म्हणाले नसते, कारण तू लगेच डोक्यावर बसतेस. कागदावर म्हणते आहे, जपून ठेव.

तुला आठवतं, वडिलांनी घरामागच्या झाडाला झोका बांधला होता? मी आधी दोर हिसडून बघितला, मग गाठ बघितली, मग फांदी बघितली, मग हळूच बसले, मग जोरात बसले. वडील म्हणाले, ही पोरगी पुढे पोलिसात जाणार. तू मात्र धावत आलीस आणि धपकन बसलीस. कुणी बांधला, कसा बांधला, काही चौकशी नाही. आईने विचारलं, पडली असतीस तर? तू म्हणालीस, ताई बसली म्हणजे टिकतो. तेव्हापासून मी सगळ्याच गोष्टींवर आधी बसून बघत आले आहे, आणि नोकरीही तशीच मिळाली, लोकांच्या साइट तपासून चुका काढायची. ऑफिसात मला मागून खुसपटबाई म्हणायचे. समोरून मॅडम म्हणायचे, पण मला दोन्ही ऐकू यायचं. आणि तू अजूनही 'ताई बसली म्हणजे टिकतो' याच हिशेबाने चालतेस, म्हणून तर मला सोमवारचं एवढं जड जातंय.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की साइट तपासताना आपण आपण राहायचं नाही. वेगवेगळी माणसं कल्पून त्यांच्या हाताने ती वापरायची. तुझ्या साइटसाठी मी एक अख्खं बिऱ्हाड जन्माला घातलं. एक निवृत्त हेडमास्तर आहेत. ते प्रत्येक ओळ वाचतात, अटी आणि नियमसुद्धा, जे तूही वाचले नसशील. वयाच्या रकान्यात त्यांनी 'बहात्तर पूर्ण, त्र्याहत्तरावं चालू' असं लिहिलं, तर तुझी साइट लाल अक्षरात म्हणाली, 'अवैध.' बस्स, एवढंच. हेडमास्तरांना जन्मात कुणी अवैध म्हटलं नव्हतं! दुसरी एक घाईतली सून आहे. तिने अर्धा फॉर्म भरला, तेवढ्यात दूध उतू गेलं, ती जाऊन गॅस पुसून आली तर साइट म्हणते वेळ संपली, आणि भरलेलं सगळं गायब. मग एक रुसलेले आजोबा. त्यांना मदतनीस नकोच आहे, मुलाने बळजबरीने बसवलंय, त्यामुळे ते सापडेल ते बटण दाबत सुटतात. एक दूर राहणारा मुलगा आहे, तो आईसाठी नोंद करतो पण आईच्या घराचा मजला कितवा ते त्याला आठवत नाही. या सगळ्यांच्या नावापुढे मी 'चाचणी' असं लिहिलंय, म्हणजे उद्घाटनाआधी तुझ्या ऑफिसातली मुलगी त्यांना एका झटक्यात पुसून टाकेल. बिचारी माणसं, जीव लागला होता त्यांच्यावर.

बाकीच्या चुका अहवालात आहेतच, तरी थोडं तुझ्या कानावर घालते. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी आहेत. दिसायला नाजूक, सुरेख, आणि वाचायला अशक्य. जन्मसाल निवडायचं तर यंदाच्या सालापासून मागे मागे सरकत जावं लागतं. हेडमास्तरांच्या सालापर्यंत पोचेपर्यंत ते आणखी एका वर्षाने म्हातारे होतील. फोन नंबर मध्ये मध्ये जागा सोडून लिहिला तर चालत नाही. पहिल्या पानावरचे ते आजी-आजोबा दात दाखवून इतके हसताहेत की त्यांना कसली मदत हवी आहे असा प्रश्न पडतो. तुझ्या खऱ्या बायकांपैकी कुणाचा तरी फोटो लाव. आणि एक रकाना आहे, 'रुग्णाशी नातं'. त्यात मुलगा, मुलगी, सून, जावई आणि इतर. भाऊ, बहीण, शेजारी, सगळ्यांना 'इतर' मध्ये कोंबलंय. 'स्वतः' तर नाहीच. जिला मदत हवी तीच नोंद करायला बसेल, हे तुमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नाही. हा दोष मी आधी 'किरकोळ' मध्ये टाकला होता. नंतर उचलून 'गंभीर' मध्ये ठेवला. तुझ्या प्रोग्रामरने विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हटलं, आहे.

आता त्या दोनदाचं. मी एका नव्या कल्पित बाईच्या नावाने सकाळची मदतनीस मागितली. सगळं भरलं, 'नोंद करा' दाबलं, एकदाच. नोंदी झाल्या दोन. एकाच घरी, एकाच वेळी, दोन बायका. आता माणूस काय करेल? एक रद्द करेल. मी एक रद्द केली, तर दोन्ही गेल्या. आणि गेल्या ते कुठे लिहूनही आलं नाही. बाई बापडी सकाळी उठून दाराकडे कान लावून बसणार, एक पाय पलंगावरून खाली सोडून, आणि कुणी येणारच नाही. आमच्या भाषेत याला सगळ्यात वरच्या दर्जाचा दोष म्हणतात. मी तसा लिहिला.

तुझ्या प्रोग्रामरने करून बघितलं. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडे तर नीट चालतंय." बारके, हे वाक्य मी उभ्या नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की कुणी झोपेत म्हटलं तरी मी उठून बसेन. मी पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा बघितलं. शेवटी तो बिचारा स्वतः घरी आला, माझ्याच टेबलाशी बसला, माझ्याच लॅपटॉपवर बटण दाबत राहिला, आणि दर वेळी नोंद एकच. मध्ये मध्ये बिस्किटं खात होता. माझा अर्धा डबा संपवला त्याने, तेव्हा माणूस मनाने वाईट नाही. जाताना दारात म्हणाला, "मॅडम, बहुतेक तुमचा माऊस खराब झालाय." मला राग आला, पण म्हणण्यात दम होता, म्हणून नवा माऊस आणला. पुन्हा तेच. दर वेळी नाही, मधूनच. मधूनच होणारी चूक ही सगळ्यात छळवादी. ती आपल्याला खोटं पाडते.

अशा वेळी आम्ही एक करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी लॅपटॉप बदलला, चूक तशीच. माऊस बदलला, तशीच. फोनवरून केलं, तशीच. टेबल बदलून स्वयंपाकघरात जाऊन बसले, हिरव्या उजेडाचाही संशय घेतला म्हण ना. मग समोरच्या बिऱ्हाडातल्या शिक्षिकाबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, माझ्याकडे संशयाने बघत, मी सांगेन तितक्यांदा बटण दाबलं. एकच नोंद, एकच नोंद, एकच नोंद. त्या उठल्या, मी बसले, आणि दोन. "अगंबाई, तुमच्यावर रुसलंय वाटतं," असं म्हणून त्या हसत गेल्या. मीही हसले. पण त्या गेल्यावर मला उमजलं की मी आता काय बदललं होतं. माणूस बदललं होतं.

मी फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला आणि माझ्या हाताचं चित्रण केलं. मग ते सावकाश लावून बघितलं. बोट बटणावर येतं, दाबतं, उचललं जातं, आणि पुन्हा एकदा, मला न विचारता, खाली येतं. अगदी हलकं. मला त्याचा पत्ताही लागत नाही. खरं सांगू? त्या क्षणी मला आधी आनंद झाला. दोष सापडला की होतो तसा. मी चक्क टेबलावर हात आपटून 'सापडलीस!' म्हणाले. भीती नंतर वाटली, भांडी विसळताना.

तू गेल्या खेपेला आलीस तेव्हा माझ्या हातून चहा बशीत सांडला होता. तू म्हणालीस, "ताई, हात का गं थरथरतोय?" मी म्हटलं, तू कप काठोकाठ भरतेस, सवय आहे तुझी. तू फोनवरही विचारलंस, एकदा सोडून कितीतरी वेळा, आणि मी दर वेळी तुला शेंडी लावली. आणि केस. माझे केस कापलेले बघून तुम्ही सगळे किती हसलात. तुझी लेक म्हणाली, मावशी एकदम स्टायलिश. तुझा नवरा म्हणाला, निवृत्तीनंतर वारं लागलं. मीही मान उडवून दाखवली. बारके, मला वेणी घालता येत नव्हती. तीन पेड धरले की एक निसटायचा. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी रडकुंडीला यायचे, आणि एक दिवस जाऊन कापून आले. तुझी वेणी मी किती वर्षं घातली, आठवतं ना? तू किंचाळायचीस, घट्ट झाली, घट्ट झाली, आणि मी म्हणायचे, संध्याकाळपर्यंत टिकायला हवी. जिने दुसऱ्याची वेणी घातली तिला स्वतःची कुणाकडून घालून घेणं जमेना, एवढंच. तुमच्या 'कशी आहेस'ला मीही हेच सांगत राहिले की आमच्याकडे तर नीट चालतंय.

मग मी डॉक्टरांकडे गेले. घाबरू नकोस, पुढे वाच. डॉक्टर तरुण होता आणि मला फार आवडला, कारण तो माझ्यासारखाच निघाला. त्याने मला कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं. अंगठ्याला तर्जनी भराभर टेकवायला सांगितली, आधी उजवी, मग डावी. व्हरांड्यातून चालत जा म्हणाला, वळून परत या म्हणाला. मागे उभा राहून खांद्याला जरा खेचून बघितलं, तोल जातो का म्हणून. एका वेळी एकच गोष्ट बदलत होता. मी त्याला म्हटलंही, तुम्ही आमच्या ऑफिसात शोभला असता. तो हसला आणि मग त्याने सांगितलं, कंपवाताची सुरुवात आहे. वाढेल, पण हळूहळू. गोळ्या आहेत, हाताचे व्यायाम आहेत, त्याने फरक पडतो. पुरता बरा होणारा दोष नाही, पण सांभाळून घेता येणारा आहे. असे दोष मी पुष्कळ बघितलेत. कित्येक साइट वर्षानुवर्षं तशाच चालतात आणि चांगल्या चालतात.

घरी येऊन मी अहवाल उघडला. खरं तर त्याच वेळी तो मुद्दा बंद करून टाकता आला असता. 'तपासणाऱ्याची चूक, साइटची नाही' एवढं लिहिलं की काम संपलं. तू खूश, प्रोग्रामर खूश, सोमवारी उद्घाटन, आणि माझा हात माझ्यापाशी. मी ते वाक्य टाइप केलंसुद्धा. दोन दिवस तसंच ठेवलं. तिकडे तू फोन करून विचारत होतीस, बंद करू का. आणि माझ्या डोळ्यांसमोरून ती पलंगावर बसलेली बाई हलेना.

कारण बघ ना, तुझी साइट वापरणार कोण? तुझा प्रोग्रामर? त्याची बोटं पियानो वाजवणाऱ्यासारखी आहेत. शिक्षिकाबाई? त्या तर अजून जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरतात. तुझ्याकडे येणार ते माझ्यासारखे. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना फिकट अक्षर दिसत नाही, ज्यांना एक रकाना भरायला इतरांना पान भरायला लागतो तेवढा वेळ लागतो, तेच तर तुझे लोक. त्यांच्यासाठी बांधलेल्या दारात त्यांनाच ठेच लागत असेल तर ठेच लागणाऱ्याचा पाय नीट नाही असं म्हणून कसं चालेल? माझं बोट दोनदा पडतं हे खरं. पण दोनदा पडलेल्या बोटाला एकदाच समजून घेणं हे तुझ्या साइटचं काम आहे. त्याला सांग, एकदा दाबलं की बटण झोपू दे, आणि मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहून येऊ दे, 'थांबा, तुमची नोंद होते आहे.' रद्द करताना 'खरंच रद्द करायचं का' असं विचारू दे, आणि एक रद्द केली तर एकच जाऊ दे. हुशार आहे तो, आठवडाभरात करेल. त्याच्यावर डाफरू नकोस. त्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याच्याकडे ते खरंच नीट चालत होतं. हवं तर पत्रातला हा भाग त्याला वाचून दाखव, माझी ना नाही. आणि त्याला म्हणावं, बिस्किटांचा डबा पुन्हा भरून ठेवलाय, दुरुस्ती झाली की घेऊन ये, माझ्या हाताने तपासू.

आता तू काय करशील तेही मला ठाऊक आहे. हे वाचता वाचताच फोन हातात घेतला असशील. मग पिशवी भरशील, इथे येशील, मला उचलून तुझ्या घरी नेशील, लेकीची खोली रिकामी करायला लावशील, आणि मी गेले नाही तर अबोला धरशील. याच भीतीने मी इतके दिवस मूग गिळून बसले होते. बारके, मला इथेच राहायचंय. हे टेबल, ही खिडकी, तो भयंकर हिरवा रंग आणि खालची ठोकाठोक, यात मला बरं वाटतं. तू ये, जरूर ये, चार दिवस राहा, चहा तू ओत. पण मला घेऊन जाऊ नकोस. मला मदत हवी आहे, बिऱ्हाड बदलायचं नाहीये. हे दोन्ही मी आज पहिल्यांदाच एका वाक्यात म्हणते आहे, आणि लिहायला वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही.

अहवालात चूक लिहिली की पुरावा म्हणून लॅपटॉपच्या पडद्याचं चित्र जोडायचं असतं, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही. हे पत्र टाइप केलं असतं तर अक्षर सरळ आलं असतं, म्हणून हाताने लिहिलं. हेच माझं चित्र समज. आणि आता शेवटचं. काल संध्याकाळी मी तुझ्या साइटवर आणखी एक नोंद केली आहे. रोज सकाळी एक बाई हवी: कपड्यांची बटणं लावायला, भाजी चिरायला, चहा गाळायला, आणि मनात आलं तर थोडं बाहेर फिरवून आणायला. त्या नोंदीत नावापुढे मी 'चाचणी' लिहिलेलं नाही, तेव्हा तुझ्या ऑफिसातल्या मुलीला सांग, बाकीचं बिऱ्हाड पुसलंस तरी ही पुसू नकोस. ती दोनदा झालेली असेल, अर्थातच. एक काढून टाक, पण जपून काढ, नाहीतर दोन्ही जातील. आणि नात्याच्या रकान्यात मला 'इतर' निवडावं लागलं आहे, ते तेवढं तुझ्या हाताने दुरुस्त कर.

तुझीच,
आधी बसून बघणारी ताई